घरातलं सगळ्यात म्हातारं कडधान्य

राघूकाका कुणाच्याही घरी गेले, की पुढ्यात आलेलं पाणी पिण्याआधी एक प्रश्न विचारायचे, "तुमच्या घरातलं सगळ्यात म्हातारं कडधान्य कुठलं?"

तब्येतीची चौकशी नाही, पोराबाळांची नाही, पावसाची नाही. आमच्या बेटावरच्या क्वात्र बॉर्न गावात, आमच्या गल्लीत, हा प्रश्न इतका अंगवळणी पडला होता, की फाटक वाजलं की बायका उठून फडताळातले मागचे डबे पुढे आणून ठेवायच्या. नवीन माणूस मात्र भांबावायचं. शेजारच्या घरी नुकत्याच आलेल्या सुनेनं एकदा मोठ्या अगत्यानं कालच बाजारातून आणलेली मसूर त्यांच्यापुढे धरली. काकांनी एक दाणा दाताखाली धरून पाहिला आणि घरात क्षय शिरल्याचं सांगावं तशा आवाजात म्हणाले, "ताजी हाय गो." ती पोर रडायची तेवढी बाकी राहिली.

त्यांना हवं असायचं ते जुनं. विसरलेलं, पोरकिडे लागलेलं, डब्याच्या तळाशी राहिलेलं, ज्याच्या गोणीवरची तारीख कधीच उलटून गेली आहे असं. हरभरा, चवळी, मादागास्करहून येणारे मोठे पांढरे दाणे, काहीही चालायचं. पण खरा जीव वालात. आणि वालांतही एकाच वालात. डबा हातात आला की आधी ते दाणे तळहातावर पसरायचे आणि बारीक, तांबडा, कडेला पांढरी रेघ असलेला वाल शोधायचे. तो नसला, की एक सुस्कारा सोडून जे असेल ते खिशात घालायचे. त्या एका वालात एवढं काय होतं, हे विचारायची सोय नव्हती. विचारलं, की म्हणायचे, "तू तुझं काम बघ."

माझं काम म्हणजे त्यांच्याच टेबलासमोर बसून सरकारी कागदांवर शिक्के मारणं. पोर्ट लुईच्या एका सरकारी कचेरीत आम्ही दोघे कारकून, आणि राहायलाही एकाच गल्लीत. सकाळी बस एक, संध्याकाळी बस एक. म्हणजे मला सुटका कुठेच नव्हती. काका पन्नाशीचे, उंच, काटकुळे. लग्न केलं नव्हतं. सिमेंटच्या दोन खोल्यांत एकटेच राहायचे आणि त्या दोन्ही खोल्यांत खुंट्यांना कपड्यांऐवजी ओल्या फडक्यांच्या पोटल्या टांगलेल्या असायच्या. प्रत्येक पोटलीला कागदाची चिठ्ठी. कुणाचं कडधान्य, किती वर्षांचं, भिजवून किती दिवस झाले. घरात शिरलं की आधी वास यायचा, मग काका दिसायचे.

आमच्या कचेरीखालीच धान्याचं गोदाम होतं. गोणीवरची तारीख टळली की वरून कागद यायचा, 'खाण्यास अयोग्य', आणि ती गोणी डुकरं पाळणाऱ्याच्या गाडीत चढायची. ही गाडी आली, की काका हातातलं टिपण तसंच टाकून जिन्यावरून धावत सुटायचे. "पा झेते! पा झेते! फेकू नकोस रे!" हमाल बिचारे गोणी खांद्यावर घेऊन उभेच. मग काका गोणीचं तोंड सोडून एक ओंजळ काढून घ्यायचे आणि वर येऊन मला ऐकवायचे, "तारीख गोणीला असते, दाण्याला नसते. दाणा जिता हाय का मेला, ते पाण्याला विचारायचं. कागदाला काय कळतंय?"

मी एकदा म्हटलं, "काका, कागदावर तुमचीच तर सही असायची पूर्वी." खरंच असायची. जुन्या फायलींत मी पाहिली होती. ते त्या दिवशी बसमध्ये पुढच्या बाकावर जाऊन बसले.

त्यांची मोड आणायची पद्धत कुणाला सांगून खरी वाटणार नाही. "म्हाताऱ्याला एकदम पाणी पाजू नये," असं ते म्हणायचे. आपण कडधान्य रात्री पाण्यात टाकतो आणि सकाळी उपसतो. काका तसं करत नसत. आधी एक दिवस दाणे नुसत्या दमट फडक्यात. मग एकेक दाणा दगडावर हलकेच घासायचा, पाठीवरचं साल जेमतेम खरवडेल इतकंच. मग कोमट पाण्याचे शिपके. मग पुन्हा पोटली. आणि ऊब. जुलै म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा, क्वात्र बॉर्नला गारठा असतो, झिमझिम थांबत नाही, मोड यायचं नाव नाही. खाली पोर्ट लुईला मात्र ऊन. म्हणून हिवाळ्याचे दोन महिने काका पोटली कचेरीत न्यायचे. डब्यात नाही, पिशवीत नाही, तर डोक्यावर, टोपीच्या आत. माणसाच्या टाळूइतकी चांगली ऊब दुसरी नाही, असं त्यांचं मत होतं.

एकदा मोठा गोरा साहेब अचानक तपासणीला आला. आम्ही सगळे उभे राहिलो. काकांनी सवयीनं टोपी काढली. डोक्यावर चवळीची पोटली तशीच चिकटलेली, आणि कानशिलावरून पाण्याचा ओघळ खाली येतोय. साहेबानं चष्मा वर केला आणि विचारलं, "व्हॉट इज दॅट?" काका सरळ ताठ उभे राहून म्हणाले, "बीन्स, सर. थर्ड डे."

साहेबाला तो काहीतरी दुर्धर आजार वाटला असावा. त्यानं अतिशय सहानुभूतीनं काकांना अर्ध्या दिवसाची रजा दिली. काका ती रजा घेऊन बंदरावर गेले आणि संध्याकाळपर्यंत टोपी घालून उन्हात बसून राहिले. दुसऱ्या दिवशी मला सांगितलं, "शंभरात एकसष्ट उठले."

उठलेले दाणे जायचे कुठे, तर आमच्या पोटात. काका एकटे किती खाणार? गल्लीतल्या प्रत्येक घरी झाकलेली वाटी यायची. माझी बायको शांता त्यांची उसळ करायची, आमटी करायची, भातात घालायची. नऊ वर्षांची चवळी मी खाल्ली आहे. बारा वर्षांचे हरभरे खाल्ले आहेत. त्यात मध्येच एखादा गणंग दाताखाली यायचा, कितीही शिजवला तरी न शिजणारा, आणि माझं डोकं फिरायचं. शांता म्हणायची, "ओरडू नका, ते दारातच उभे आहेत." खरंच उभे असायचे. कोण कसं खातंय ते बघायला नव्हे. मोडाला पान फुटू शकतं का, हे पाहायला चार दाणे बाजूला काढलेत का, ते विचारायला.

साठ सालच्या मोठ्या वादळात आमच्या गल्लीतले निम्मे पत्रे उडाले. ज्यांची घरं लाकडाची होती ती माणसं काकांच्या सिमेंटच्या दोन खोल्यांत येऊन बसली. कुणी रेडिओ उचलून आणला होता, कुणी लग्नातला फोटो. वारा थांबल्यावर बाहेर पाहिलं तर हिरवं म्हणून काही उरलंच नव्हतं. ऊस झोपलेला, केळी मोडलेल्या, परसातल्या भाज्या पार उखडून गेलेल्या. पुढे कित्येक दिवस बाजारात भाजीचं पान दिसलं नाही. त्या दिवसांत काकांच्या पोटल्यांनी आमची गल्ली जगवली. त्यांना हसणाऱ्या बायका सकाळी पातेली घेऊन त्यांच्या दारात रांगेनं उभ्या. काका नुसते कोमट पाणी शिंपडत फिरत होते, झोप नाही, दाढी नाही.

मला वाटलं, आता तरी स्वारी खूश असेल. मी म्हटलंही, "काका, जिंकलात तुम्ही." तर ते आमच्या ओट्यावर बसले आणि डोकं धरलं.

"सगळ्यांचे मांडव पडले रे," ते म्हणाले. "कुणाच्या लाकूरमधी, परसात, वेल उभा असंल आईचा, तर तोपण गेला आता. आता फक्त डब्यात असंल तेवढंच."

मी तिथेच खाली बसलो. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा आणि एकदाच सगळं सांगितलं.

काकांचं घर मूळचं लॉंग माउंटनचं. चारी बाजूंनी ऊस, आणि परसात आईचा वालाचा मांडव. जांभळ्या फुलांचा, तांबड्या दाण्याचा. तिच्या आईनं तिला दिलेला, तिच्या आईच्या आईनं कुठून आणला ते कुणाला माहीत नाही. गणपतीला त्या नव्या वालांचं बिरडं नैवेद्याला असायचंच. त्याशिवाय घरात कुणी ताटाला हात लावायचं नाही. आणि गावातली कुठलीही मुलगी लग्न होऊन निघाली, की काकांची आई तिच्या ओटीत तांदूळ-नारळाबरोबर मूठभर वाल घालायची. "जाशील तिथं मांडव घाल," म्हणायची.

आई गेली तेव्हा काका गोदामावर तारखा तपासायच्या कामाला होते. तेराव्याला गावी गेले. घर आवरायला घेतलं. चुलीमागे एक मडकं दिसलं, तोंडापर्यंत राखेनं भरलेलं. वरून दोन किडे फिरत होते. आत राखेनं काळवंडलेले दाणे. शहरात राहून स्वच्छतेची सवय लागलेली, शिवाय नजरही सरकारी. खराब माल. काकांनी ते मडकं उचललं आणि उसाच्या पाचटाबरोबर जाळून टाकलं.

"बी राखेत ठेवतात हे मला ठाऊक नव्हतं का?" काका म्हणाले. "लहानपणी मीच राख चाळून द्यायचो तिला. पण त्या दिवशी डोक्यात नुसतं 'अयोग्य, अयोग्य'."

आठ दिवसांनी पेरायची वेळ आली. मोठ्या भावानं, भिकूदादानं, मडकं शोधलं. काकांनी सांगितलं. भिकूदादा ओरडले नाहीत, काही नाही. नुसते चुलीमागच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. त्या दिवसापासून ते काकांशी एक शब्द बोलले नव्हते. त्याला आता आठ वर्षं झाली होती. काका गणपतीला जायचे, पाया पडायचे, ओटीवर बसून परत यायचे. नैवेद्याच्या पानावर बिरडं नसायचं. तिथं पान रिकामं सोडलेलं असायचं.

काकांनी परत येऊन गोदामाचं काम सोडलं, दुसरं टेबल मागून घेतलं, आणि सुरू झालं ते घरोघरी म्हातारं कडधान्य मागणं. कधीतरी कुणाच्या तरी डब्यात आईनं दिलेली मूठ सापडेल म्हणून. आणि सापडली तर आपल्या हातून ती कुजू नये म्हणून तो बाकीचा सगळा अभ्यास. आमची चवळी, आमचे हरभरे, साहेबापुढची ती पोटली, सगळी त्याची तालीम होती.

मला फार राग आला. त्यांना इतकी वर्षं हसलो म्हणून आपला, आणि थोडा त्यांचाही. म्हटलं, "अहो, मग लॉंग माउंटनहून लग्न होऊन आलेल्या बायका कुठे आहेत, असं सरळ विचारायचं ना! आठ वर्षं चुकीचा प्रश्न विचारत फिरलात!"

"विचारलं असतं तर का शोधतोय, ते सांगायला लागलं असतं," काका म्हणाले.

शांतानं आतून सगळं ऐकलं होतं. बाहेर येऊन म्हणाली, "माझी तानूमावशी लॉंग माउंटनची. बो बासेंला असते."

तानूमावशीपर्यंत पोचायलाही आम्हाला वादळानंतरचे आठ-नऊ महिने लागले, कारण तिचं घर पडलं होतं आणि सामान चार नातेवाइकांकडे विखुरलं होतं. शेवटी डिसेंबरात तिनं दुधाच्या पावडरीचा एक डबा पुढे ठेवला. "तुझ्या आईनं ओटीत घातले होते हो. लावायची मी दर वर्षी. मग अंगणात सिमेंट केलं. त्याला झाली की सहा-सात वर्षं." डब्यात नऊ वाल होते. तांबूस, बारीक, कडेला पांढरी रेघ. काकांनी ते हातात घेतले नाहीत. मला म्हणाले, "तू धर. माझ्या हातून सांडतील."

आठवडाभर त्यांनी ते दाणे नुसते बघितले. मग तीन भिजवले. कुजले. पुन्हा तीन. तेही कुजले. काका कचेरीत आले, तेव्हा शिक्का उलटा मारत होते. उरलेल्या तिघांसाठी त्यांनी रजा काढली आणि पाच दिवस घराबाहेर पडले नाहीत. सहाव्या दिवशी सकाळी आमचं फाटक वाजलं. काका गंजीफ्राकावरच आले होते, तळहातावर ओलं फडकं. "गेत!" ते ओरडले. "बघ! ली विवाँ! जिता हाय!" तीनपैकी एका दाण्याचं साल उलून त्यातून पांढरं टोक बाहेर आलं होतं. शांता रडायला लागली. मीही काही फार कोरडा नव्हतो.

जानेवारीत, रोपाला चार पानं आल्यावर, आम्ही लॉंग माउंटनला निघालो. "तू चल," काका म्हणाले होते. "एकट्यानं जमायचं नाय." दोन बसगाड्या बदलून गेलो. दोन्हींत त्यांनी ते रोप असलेला डबा मांडीवर धरला होता आणि शेजारी कुणाला बसू दिलं नाही.

भिकूदादा दारात कोयत्याला धार लावत बसले होते. साठी उलटलेला, ठेंगणा माणूस. काकांनी डबा त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवला आणि दोन पावलं मागे सरले. "दादा, आईचा वाल," एवढंच म्हणाले. भिकूदादांनी कोयता खाली ठेवला. डबा उचलून डोळ्यांजवळ नेला, रोप फिरवून फिरवून पाहिलं. मग त्यांनी मान वर केली.

"उशिरा आणलास," ते म्हणाले. "मांडवाला बांबू लागतील. जा, ओढ्यावरून तोडून आण."

काका कचेरीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून धावत सुटले.

ते दिसेनासे झाल्यावर भिकूदादांनी मला जवळ बोलावलं. "तू शिकलेला दिसतोस. एक सांगतो, पोटात ठेव. आईच्या वालाचा देठ तांबडा असायचा. ह्याचा हिरवा हाय. हा पांढरा वाल. जुना झाला की पांढरा दाणापण तांबडा दिसतो." मी रोपाच्या देठाकडे पाहिलं. "बगितल्या बगितल्या कळलं मला. पण केस पिकलेला भाऊ डबा घेऊन दारात उभा रायला, त्याला काय सांगू? आठ वर्षं मी तोंड धरून बसलो, तीच चूक झाली. त्याला बोलू नको हां."

मी शब्द दिला.

काका त्यानंतर दर रविवारी गावी जायला लागले. सोमवारी बसमध्ये मला वेल किती चढला ते हातानं दाखवायचे. म्हाताऱ्या कडधान्याची चौकशी बंद पडली. खोल्यांतल्या खुंट्यांवर सदरे दिसायला लागले. मे महिन्यातल्या एका सोमवारी मात्र ते खिडकीबाहेर बघत बसले होते. रोझ हिलचा थांबा आला. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "फूल आलंय वेलाला. पांढरं."

मी हातातलं तिकीट दुमडत राहिलो.

"आईचं जांभळं होतं. तो वाल हा नव्हं. तानूच्या डब्यात कुणाचे तरी भलतेच होते." त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. "पण दादाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. त्याला रंग कळत नाय. रोज वेलाखाली खाट टाकून बसतो, मला हाक मारतो. त्याला वाटतंय, आई आली परत घरात. तू बोलशील म्हणून सांगतोय. बोलू नको हां."

मी त्यांनाही शब्द दिला.

त्या वर्षी गणपतीला मी लॉंग माउंटनला जेवायला होतो. आदल्या संध्याकाळी दोघा भावांनी पडवीत बसून मोड आलेले वाल सोलले होते. नैवेद्याच्या पानावर भात, मोदक आणि बिरडं. पान दाखवून झालं, आणि आम्ही तिघे ओळीनं बसलो, मी मध्ये. भिकूदादांनी पहिला घास घेतला, सावकाश चावला.

"आईची चव हाय," ते म्हणाले.

"तीच," काका म्हणाले. "डिट्टो तीच."

मग भिकूदादांनी डावीकडून आणि काकांनी उजवीकडून, दोघांनीही एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं. दोघांना दिलेले शब्द मला एकदमच पाळायचे होते. म्हणून मी आधी डावीकडे बघून होकाराची मान हलवली, मग उजवीकडे बघून, आणि पानावरचं सगळं बिरडं संपवलं.